देवक कळंब, मुक्काम घोडबंदर रोड

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३७ वर्षांची, ठाण्यात घोडबंदर रोडला १९व्या मजल्यावर राहते, नवरा आणि ९ वर्षांची मुलगी. आजोबा संगमेश्वर तालुक्यातल्या गावातून लालबागला गिरणीत आले, १९८२ च्या संपानंतर घर विखुरलं, वडील डोंबिवलीला गेले, गाव गणपतीपुरतं उरलं. गेल्या मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न होतं. हॉलमध्ये गुरुजींनी विचारलं, तुमचं देवक (लग्नात पूजतात ते घराण्याचं चिन्ह, बहुतेक एखादं झाड) काय? कुणालाच सांगता येईना. शेवटी गावच्या काकांना फोन लावला, ते म्हणाले "कळंब", मग हॉलच्या माणसाने आंब्याची डहाळी पुढे केली आणि तेवढ्यावर भागलं. त्या दिवसापासून हिच्या मनात सलतंय. गावची चुलतभावंडं "तुम्ही मुंबईवाले" म्हणतात, ऑफिसात "ती कोकणातली" म्हणतात आणि आपण नक्की कुठल्या हे हिला कळत नाहीये. त्यातच मुलीने शाळेतल्या निबंधात लिहिलं, "माझे गाव घोडबंदर रोड." आता प्रश्न असे की सोसायटीत कळंब लावायचा आग्रह धरू का (कमिटी नाही म्हणतेय), काका जमिनीचं हक्कसोडपत्र मागतायत ते देऊ की तिथे छोटं घर बांधू, की हे सगळं सोडून देऊ, कारण "१९व्या मजल्यावर राहून झाडाशी नातं सांगणं म्हणजे नाटकच वाटतं."

प्रिय मैत्रिणी,

तू मला ताई म्हणालीस म्हणून मीही सरळ तू म्हणते. पत्र वाचताना पहिल्यांदा मला हसू आलं, रागावू नकोस. देवक विचारल्यावर अख्ख्या मांडवात पसरते ना ती शांतता, ती मी आमच्याच घरातल्या तीन लग्नांत बघितलीय. मामा आत्याकडे बघतो, आत्या काकांकडे, काका मोबाईल काढतात आणि नेमकी गावाला रेंज नसते. तेव्हा आपल्याच घराला आपलं मूळ माहीत नाही हे आधी डोक्यातून काढून टाक, ही गोष्ट घरोघरची आहे.

आणि त्याचं कारण तुला वाटतं तसं "आम्ही शहरात येऊन सगळं विसरलो" एवढं सरळ नाहीये. जरा विचार कर, तुझ्या आजोबांना देवक का माहीत होतं? कारण त्यांनी ते आणलं होतं! लग्नाच्या आधी घरातलं एक जोडपं वाजतगाजत त्या झाडापाशी जायचं, झाडाची पूजा करायचं, मग डहाळी तोडून आणायचं, ती मांडवात बसवायची. ज्याचं जे देवक त्याने ते झाड एरवी तोडायचं नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही. म्हणजे कळंब ही त्यांच्यासाठी पाठ करायची माहिती नव्हतीच, ते एक काम होतं आणि त्या कामाला एक रस्ता होता, उन्हात चालत जायचा. हॉल आला, सगळं साहित्य पिशवीत बांधून मिळायला लागलं, काम गेलं, आणि कामामागून नावही गेलं. यात तुमच्या घराचा दोष शोधत बसू नकोस.

आता कळंबाचं. इथे मला माझी एक फजिती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचंही देवक कळंबच, आणि मला एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी बागेतलं एक झाड दाखवून सांगितलं, हे बघा तुमचं. मोठी मोठी पानं, आडव्या फांद्या, पावसाळ्यात लाडवासारखी गोल केशरी फुलं. तीन वर्षं मी येताजाता त्या झाडाला मनातल्या मनात नमस्कार करत होते. नंतर कळलं की तो कदंब! कृष्णाच्या गोष्टीतला, सुंदर झाड आहे, पण रानातला कळंब त्याहून वेगळा. दोघं एकाच कुळातले (कॉफीसुद्धा त्याच कुळातली बरं का), दोघांची फुलं चेंडूसारखी, पण कळंबाची पानं लहान, चेंडूही गोटीएवढे आणि रंगाने फिकट पिवळट, वास मात्र मस्त. लोक दोघांनाही कळंब आणि कदंब अशी उलटसुलट नावं देतात. म्हणून काकांना परत फोन कर आणि "देवक काय" एवढंच विचारू नको, ते एका शब्दात उत्तर देऊन फोन ठेवतील. विचार, की तुमच्या लग्नात डहाळी आणायला कोण गेलं होतं, ते झाड कुठे होतं, वहाळाच्या अलीकडे की पलीकडे, आता आहे का, पान केवढं होतं. असं विचारलंस की माणसं बोलायला लागतात. आणि त्यांनी कदाचित कदंब सांगितला तरी ठीक, तुमच्या घराने जे झाड मानलं ते तुमचं, वनस्पतिशास्त्राने त्यात लुडबुड करायचं कारण नाही. फक्त विचारून घे, कारण ज्यांनी ते झाड डोळ्यांनी बघितलंय अशी माणसं आता फार उरली नाहीत.

पण तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. तू लिहिलंयस, "घरातल्या हॉलच्या खिडकीतून समोर येऊरचा डोंगर दिसतो, संध्याकाळी छान वाटतं," आणि पुढच्याच परिच्छेदात, "इथे निसर्गच नाही तर मुलीला काय दाखवू." अगं! येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू, १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे ते, आत बिबटे आहेत, आणि त्या जंगलात कळंब आहे. तुझं देवक तुझ्या खिडकीसमोर उभं आहे आणि तू संगमेश्वरचं तिकीट शोधतेयस.

निसर्ग गावाला आणि शहरात नुसतं सिमेंट, ही जी आपली वाटणी आहे ना ती मला कधी पटलेली नाही. मुंबईची नावं तर बघ. वडाळा, चिंचपोकळी, उंबरखाडी, ताडदेव, बोरिवली. मी स्वतः फणसवाडीत वाढले, तिथे फणस काही मी बघितला नाही, पण पत्त्यात रोज लिहायचे. तुझे आजोबा लालबागेत राहायचे आणि कामाला जाताना चिंचपोकळीवरूनच जात असणार. वड, चिंच, उंबर तेव्हाही तोंडात होतेच की, नुसतं आपण ते झाड म्हणून ऐकत नव्हतो.

दुसरं, तुझ्या मनात कुठेतरी असंय की अस्सल, मूळचं, शुद्ध असं काहीतरी गावाला आहे आणि आपण त्यापासून तुटलो. ठीक, मग तू अभिमानाने सांगतेस त्या कोकणाचंच घे. काजू कुठला? ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणला. हापूसचं नावसुद्धा आफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीजाचं, आणि ती कलमांची विद्याही गोव्याकडून त्यांच्यामार्फतच पसरली. मिरची बाहेरची, अननस बाहेरचा. अस्सल इथलं म्हणायचं तर कोकम, रायवळ आंबा, फणस. पण म्हणून कोणी कोकणी माणूस काजूला परका म्हणेल का? आणि उलट उदाहरण हवं तर राणीच्या बागेत जा, १८६२ पासूनची बाग आहे, तिथे गोरखचिंच आहे, वसईच्या किल्ल्यातही आहे. हत्तीच्या पायासारखं खोड, मूळचं आफ्रिकेतलं, अरब व्यापाऱ्यांबरोबर आलं असं मानतात. इकडच्या लोकांनी त्याला काय केलं, तर थेट गोरखनाथांचं नाव दिलं आणि सांगून टाकलं की नाथ याच्याखाली बसले होते. झालं ते इथलं. कुणी दाखला मागितला नाही.

आपल्याकडे जमिनीच्या भांडणात एक शब्द येतो, वहिवाट. सातबाऱ्यावर नाव कुणाचंही असो, पण या पायवाटेने आमची वहिवाट आहे, पिढ्यान् पिढ्या आम्ही इथून जातो, म्हणून इथून जायचा आमचा हक्क. मला वाटतं तू स्वतःचा सातबारा शोधतेयस आणि तिथे नाव सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलीयेस, पण तुला खरं तर वहिवाट हवीय. आणि वहिवाट विकत घेता येत नाही, ती चालून चालूनच पडते, दर आठवड्याला, दर पावसाळ्याला, त्याच रस्त्याने. गावच्या भावंडांचं तुझ्यापेक्षा जास्त काय आहे तर एवढंच, ती त्या वाटेने रोज जातात. ते टोमणे मारतात ते चूकच, पण त्यातला हा भाग खरा आहे.

आता तुझे तीन प्रश्न, आणि मी क्रम जरा बदलून घेते कारण जमिनीचा विषय मला आधी बाजूला ठेवायचाय.

हक्कसोडपत्र. माझं सरळ मत, भावनेच्या भरात सही करू नकोस आणि भावनेच्या भरात घरही बांधू नकोस. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, तेव्हा वडिलांशी बोल, एखादा वकील गाठ, फेरफार, सातबारा सगळं बघून घे आणि मग ठरव. काका वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये, कदाचित त्यांनीच आजवर ती जमीन राखली असेल आणि त्यांना त्याचं काही मिळायला हवं हेही खरंच. पण हा व्यवहार आहे, तो व्यवहारासारखा कर. हिस्सा सोडलास तर कोकण सुटलं असं होत नाही. आणि वर्षातले दहा दिवस उघडायचं, बाकी वेळ वाळवी खाणार असं घर बांधून कुणी गावचं झालेलं मी तरी पाहिलं नाही. त्यापेक्षा गणपती सोडून एकदा जुलै महिन्यात जा, लावणीच्या वेळी, जेव्हा कुणी मुंबईकर जात नाही. पायाला चिखल लागू दे, आणि काकूला विचार घरामागच्या रायवळ आंब्यांची नावं काय. कोकणात रायवळीच्या एकेका झाडाला नाव असतं, खोबऱ्या, साखऱ्या, शेप्या असं काहीबाही, आणि ती नावं कुठे लिहिलेली नसतात. ती लिहून आण. त्या जमिनीतलं हे तुला कुठल्याही सहीशिवाय मिळतं.

सोसायटीतलं झाड. कमिटीवर चिडलीयेस ते कळतंय, पण या वेळेला मी कमिटीच्या बाजूने आहे (आयुष्यात पहिल्यांदाच). कळंब काय किंवा कदंब काय, मोठा वृक्ष आहे. खाली पार्किंगचं तळघर, वर दीड-दोन फूट माती, त्यात तो लावलास तर बिचाऱ्याचे हालच. आणि कुंडीत तर मुळीच नको. एकदा वाढला की फांदी तोडायलासुद्धा महापालिकेच्या वृक्ष विभागाची परवानगी लागते, १९७५ पासून तसा कायदाच आहे, मग पुढच्या कमिटीने तुझ्या नावाने बोटं मोडायची. वृक्षारोपणाचा आपल्याकडे फोटोपुरता उत्साह असतो, रोप लावलं की कर्तव्य संपलं. लावायचंच असेल तर बाल्कनीत जे जगेल ते लाव. गावच्या परसातली अबोली आण, तिची फांदी सहज लागते. सोनचाफ्याचं कलम मोठ्या कुंडीत फुलतं. आजीच्या हातचं काय होतं दाराशी? पत्रात तू आजीबद्दल एवढं लिहिलंस, ती अबोलीचा गजरा माळायची हेही लिहिलंस, आणि मग पूर्ण पत्र आजोबांच्या देवकाबद्दल! हे बघ, देवक बापाकडून येतं, लग्न झालं की बाई नवऱ्याचं देवक मानते, म्हणजे रीतीने पाहिलं तर आज कळंब तुझं नाहीच आणि तुझ्या मुलीचं तर अजिबात नाही. रीतीवर चाललीस तर हातात काही उरत नाही. म्हणून म्हणते, तुला कळंब हवाय तर घे, आजीची अबोली हवीय तर तीही घे, सासरचं जे असेल तेही घे. मुलीला चार झाडं मिळाली तर बिघडलं कुठे?

आणि येऊर. इथे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण अशी पत्रं मला पुण्याच्या टेकडीखालून येतात, नागपूरहून येतात, एक तर न्यू जर्सीहून आलं होतं, आणि सगळ्यांना सांगायचं साधारण हेच असतं.

एक झाड निवड. एकच. जंगलात नको आधी, घरापासून चालत दहा मिनिटांवरचं, एखाद्या तळ्याकाठचं असेल, मुलीच्या शाळेच्या वाटेवरचं असेल. वर्षभर त्याच्याकडे जा. पानं कधी गळतात, कोण पक्षी येतो, मुंग्या कुठून चढतात, खाली चहावाला किती वर्षांपासून बसतोय. झाडाचं नाव फोनवरच्या ॲपने सांगितलं तर बघ, पण कोणाला तरी विचारूनही घे, ॲपला मराठी नावं येतीलच असं नाही आणि चुकाही होतात. हे वर्ष गेलं की मग पावसाच्या तोंडाला येऊरला कळंब शोधायला जा. फॉरेस्टच्या नाक्यावर वेळ विचारून जा, अंधाराच्या आत बाहेर ये, एकट्यादुकट्याने आडवाटेला जाऊ नको, बिबट्याचं घर आहे ते. कुणी झाडांची माहिती सांगत फिरवणारं असेल तर त्यांच्याबरोबर जा, मुंबई-ठाण्यात अशा फेऱ्या बरेच जण काढतात. कळंब सापडला तर डहाळी तोडून आणू नकोस, राष्ट्रीय उद्यानातलं पानही तोडायचं नसतं. खाली बसून डबा खा. पुरे.

हे करताना एक गोष्ट लक्षात ठेव. ते जंगल रिकामं नाहीये. येऊरला, आरेला, उद्यानाच्या आतसुद्धा वारली, कोळी, कातकरी लोकांचे पाडे आहेत, आपल्या बिल्डिंगी यायच्या कितीतरी आधीपासून. ते वाघोबाला मानतात, त्याचं ठाणं असतं, आणि बिबट्या दिसला की आपल्यासारखं ग्रुपवर व्हिडिओ टाकत नाहीत. तुला तुझं मूळ सापडत नाही म्हणून वाईट वाटतं, त्यांना मूळ पक्कं माहितीय पण कागद दाखवा म्हटलं की पंचाईत होते. त्यांच्या अंगणात आपण आपलं देवक शोधायला जातोय याची थोडी लाज, थोडी जाण असू दे. पावसाळ्यात ठाणे स्टेशनबाहेर, जांभळी नाक्याला बायका रानभाज्या घेऊन बसतात ना, त्यांच्याशी घासाघीस न करता घे. टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळं. शेवळाबरोबर काकडं (छोटी आंबट फळं) घ्यायला विसरू नको, नाहीतर घसा असा खाजेल की देवक बिवक सगळं विसरशील, आणि ते कसं करायचं हे त्या बाईलाच विचार, ती हसून सगळी कृती सांगेल. टाकळा तर तुमच्या सर्व्हिस रोडच्या कडेलाही उगवतो, पण तिथला खुडू नको, गाड्यांचा धूर आणि कुत्र्यांची कृपा दोन्ही असते त्याच्यावर. मुलीला दाखव मात्र. आजी जी भाजी गावाला करायची ती इथे फुटपाथच्या फटीतून आलीय हे बघून मुलांना फार मजा वाटते.

इथे थोडं थांबून दुसऱ्या एका वाचकाला उत्तर द्यायचंय, त्याने मागे विचारलं होतं की ताई, तुम्ही गाव, झाड, देवराई असं गोड गोड लिहिता, आमच्या आज्याला त्या देवळाच्या पारावर बसू देत नव्हते, आमचं घर गावकुसाबाहेर, आम्ही कुठल्या झाडाची आठवण काढायची? त्याचं म्हणणं खरं आहे आणि त्याला गप्प करणारं उत्तर माझ्याकडे नाही. मी त्याला एवढंच लिहिलं होतं की नागपूरला दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष बघ, श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाबोधीची रोपं आणून वाढवलेला. तो कुणाला बापाकडून मिळालेला नाही. लोकांनी ठरवलं की हे आपलं झाड, आणि आता लाखो माणसं येऊन त्याच्या सावलीत बसतात, पडलेलं पान वहीत घालून घरी नेतात. हे तुलाही सांगावंसं वाटलं, कारण तू पत्रात तीनदा "रक्तातलं" हा शब्द वापरलायस आणि मला त्या शब्दाची जरा भीतीच वाटते.

ज्यांच्या जुन्या इमारती रिडेव्हलपमेंटला गेल्यात त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. आवारातला वड, आंबा, पिंपळ ५० वर्षांहून जुना असेल तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार तो वारसा वृक्षात मोडतो, तो तोडणं आता इतकं सोपं नाही. प्लॅन पास व्हायच्या आधी विचारा, नंतर व्हॉट्सअपवर श्रद्धांजली वाहून उपयोग नाही. जुने फोटो काढा, चाळीतल्या कुणाच्या मुंजीच्या, बारशाच्या फोटोत मागे ते झाड उभं असतंच.

राहिला "नाटक वाटतं" हा मुद्दा. वाटणारच ग. पहिली काही वर्षं सगळंच नाटक वाटतं, लग्नानंतर सासूला "आई" म्हणताना नाही वाटलं का? तोंडात बसेपर्यंत म्हणत राहायचं. तू झाडापाशी जाऊन डोळे मिटून काही वाटून घ्यायचा प्रयत्न केलास तर मात्र ते नाटकच होईल, तो भाग वगळ. चप्पल काढून पारावर बस, शेंगदाणे खा, मुलीला खोडावरच्या मुंग्या मोजू दे.

आणि तिच्या निबंधावरून तू रडलीस ते वाचून मला तुझ्यापेक्षा तिचीच बाजू पटली. तिने खोटं काय लिहिलं? तुझ्या आजोबांच्या आजोबांनीही कुठूनतरी येऊनच ते गाव आपलं म्हटलं असेल. तिला ओरडू नकोस आणि "आपलं खरं गाव संगमेश्वरकडे" असं दुरुस्त करून लिहायला तर मुळीच लावू नकोस. फक्त त्या निबंधात पुढे काय लिहिलंय ते मला सांगितलं नाहीस. डोंगर लिहिलाय का, समोरचा? खाडी, फ्लेमिंगो? की नुसता मॉल आणि मेट्रोचे खांब? ते वाचून मला कळव, म्हणजे येऊरला आधी काय दाखवायचं ते ठरवता येईल. आणि बाईंनी मार्क किती दिले तेही लिही.

तुझी,
ताई